बंड कशाला म्हणायचं? शिमगा, चवदार तळं आणि चरीची पडीक शेतं

शिमग्याच्या दिवसांत कोकणातलं एखादं गाव पाहिलं, तर नवख्या माणसाला वाटावं की इथं आता काहीतरी उलथणार. होळीभोवती तोंडावर हात मारून बोंबा ठोकल्या जातात, फाका, म्हणजे अचकट आरोळ्या, घातल्या जातात आणि एरवी ज्यांच्यासमोर आवाज चढत नाही त्यांचीही नावं त्यात येतात. मिसरूड फुटलेला पोरगा साडी नेसून गोमू होतो. काळ्या पायघोळ वेशातला संकासुर पोरांच्या मागे धावतो. रस्त्यात कुणीही कुणालाही अडवून शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागतो. काही दिवस मोठ्यांचा धाक नसतो, मानकऱ्यांची भीती नसते. मग पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या बसायच्या ओट्यावरून, देवळात परतते आणि गाव कामाला लागतं. मानकरी मानकरीच असतो. ज्याला कालपर्यंत ओटीवर बसवत नव्हते, त्याला आजही बसवत नाहीत.

हे बंड आहे का?

मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा असाच एक विधी सांगितला आहे. एरवी ज्यांना गुरांच्या जवळ जायला बंदी, त्या बायका त्या दिवशी पुरुषांचे कपडे घालून गुरं हाकत आणि पुरुष घरात दडून राहत. ग्लकमनचं म्हणणं असं की, अशा विधींत बंडाचं सोंग पुरेपूर वठवलेलं असतं, पण ही घडीच नको असं कुणी म्हणत नसतं. साचलेला राग निघून जातो आणि घडी आणखी पक्की बसते. त्याच्यावर पुढे टीकाही झाली. एकदा उलटं जग पाहिलेली माणसं ते विसरत नाहीत, सोंगातूनच पुढे खरी मागणी उभी राहू शकते, असं टीकाकार म्हणाले. तेही खोटं नाही. पण शिमग्यापुरतं मला ग्लकमनचं पटतं आणि त्याचं कारण शिमग्यातच आहे.

पालखी घरोघर फिरते. त्यासाठी अंगण सारवून ठेवतात, दारात रांगोळी पडते, नारळ आणि ओटीचं सामान आधीपासून तयार असतं, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. आपल्या दारी पालखी नाचली की वर्ष चांगलं जाणार, असं मानलं जातं. आणि गावानं वाळीत टाकलेलं घर असेल, तर पालखी त्या दारावरून न थांबता पुढे जाते. त्या घरानं बोंब मारलेली नसते. त्यानं गावकीच्या पैशांचा हिशेब मागितलेला असतो, किंवा जातीबाहेर लग्न केलेलं असतं, किंवा गावकीचा निवाडा न मानता कोर्टात गेलेलं असतं. वाळीत म्हणजे लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही, दुकानात माल नाही. बोलणाऱ्यालाही दंड. जे गाव शिमग्यातल्या शिव्या हसून ऐकतं, त्याच गावाला शांतपणे विचारलेला एक प्रश्न सोसत नाही. रायगड आणि रत्नागिरीतून अशा तक्रारी सतत येत राहिल्या. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आवाज किती चढला यावरून बंड ओळखता येत नाही, हे इथं स्पष्ट दिसतं. बंड ओळखायचं ते दुसऱ्या दिवशी. काल जे मुकाट चालत होतं ते आज चालायचं थांबलं का, आणि त्यामुळे कुणाचं अडलं, हा प्रश्न विचारायचा. हाच प्रश्न राजकारणाला लागू पडतो, माणसाच्या मनाला पडतो आणि थोड्या वेगळ्या रीतीनं कलेलाही पडतो.

गाऱ्हाणं आणि बंड

कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव किंवा मानकरी एकेक मागणं बोलतो आणि जमलेले सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. सुरेख प्रथा आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. माणसांच्या राज्यातही असं गाऱ्हाणं असतं: अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ. गाऱ्हाणं कितीही कडक शब्दांत असलं, तरी ते घालणारा समोरच्याचा अधिकार मानूनच बोलत असतो. द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवणार, आम्ही मागणार. बंडात नेमका हाच मुद्दा उलटतो. ठरवणारे तुम्ही कोण, असं बंडखोर विचारतो.

गाऱ्हाण्याच्याही खाली एक थर आहे. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या भातशेतकऱ्यांच्या गावात राहून १९८५ साली त्याचं वर्णन केलं: काम मुद्दाम रेंगाळत करणं, कळलं नाही असं दाखवणं, मालकाच्या पाठीमागे त्याला नावं ठेवणं, खळ्यावरचं थोडं धान्य गुपचूप लांबवणं. जिथं उघड बोललं तर घरदार उठतं, तिथं माणूस असाच लढतो. याला भित्रेपणा म्हणणं मला मान्य नाही. पण यातून नियम बदलत नाही, फक्त थोडा सैल होतो.

आणि कोकणाचा खास रस्ता म्हणजे निघून जाणं. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं की एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जायचं किंवा राहून बोलायचं. जाण्याची वाट सोपी असली की बोलणारे कमी होतात. कोकणातल्या कुळांच्या पोरांनी मुंबईची बोट पकडली, गिरणीत, गोदीत, पोलिसात भरती झाले. घरी मनीऑर्डर येऊ लागली आणि खोताशी भांडण्याची निकड थोडी ओसरली. पण हर्शमनच्या सूत्रापेक्षा कोकणाची कथा गुंतागुंतीची आहे. मुंबईत गेलेल्या माणसानं युनियन पाहिली, सभा ऐकल्या, जातीचा फलक नसलेल्या नळावर पाणी प्यायला. तो गणपतीला घरी आला तो एकटा आला नाही. कोकणातली कितीतरी बंडं मुंबईच्या चाळीत शिजली.

चरी: सहा वर्षं न पेरलेली शेतं

राजकारणातलं बंड समजून घ्यायला अलिबाग तालुक्यातल्या चरीइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

खोती म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामधला वंशपरंपरेचा मध्यस्थ. खोत सरकारात सारा भरणार आणि कुळांकडून पीक वसूल करणार. हे वरवर हिशेबाचं काम वाटतं. खळ्यावर उभं राहिलं की त्याचं खरं रूप दिसे. भात झोडून रास लागली तरी कुळानं त्याला हात लावायचा नाही, आधी खोताचा माणूस यायचा. माप त्याचं, मोजणारा त्याचा. खोताचा वाटा निघाला की मागची बाकी, त्यावरचं व्याज, शिवाय प्रथेनं चालत आलेल्या किरकोळ वसुल्या निघत. खोताच्या घरी कार्य असलं की वेठीला जायचं, मजुरी मागायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे कबुलायत: जमीन आपण खोताच्या मर्जीनं कसतो, असं कुळानं अंगठा उठवून लिहून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या तोच बांध घातलेला, तीच चिखलणी केलेली, पण कागद म्हणणार की हा माणूस इथं उपरा आहे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची सभा झाली. नारायण नागू पाटील तिचे पुढारी. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांनी ठरवलं: या अटींवर आम्ही जमीन कसणार नाही. संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं पडीक राहिली.

सहा पावसाळे, हे शब्द शेतकऱ्याच्या कानांनी ऐकले पाहिजेत. मृगाचा पाऊस पडून माती फुगते, शेजारच्या गावात राब भाजून झालेले असतात, नांगर निघतात, आणि आपण घरात बसायचं. खोताचं नुकसान होतंच, पण पेज आपल्या पोरांची जाते. या पट्ट्यातली बरीच शेती खारजमिनीवरची आहे. खाडीचं पाणी बाहेर ठेवणारा बांध आणि पाणी सोडायची उघाडी दरवर्षी राखावी लागते. ती राखली नाही की भरतीचं पाणी आत येतं आणि जमीन पुढची कित्येक वर्षं पिकत नाही. म्हणजे न कसणं हे नुसतं एका हंगामावर पाणी सोडणं नव्हतं. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल तिथं मजुरी केली, इतर गावांच्या आधारानं दिवस काढले.

इथं कुणी खोताचा वाडा जाळला नाही. शिमग्याइतका गोंगाटही झाला नसेल. पण खोताचं सगळं वैभव कुळाच्या दोन हातांवर उभं होतं, ते हात बाजूला झाले आणि खोताकडे नुसती जमीन उरली. सत्ता वरून टिकते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती रोज सकाळी खालून चालवावी लागते. चरीकरांनी ती चालवायचं थांबवलं.

गाऱ्हाण्याची वाट त्यांनी सोडली असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली हजारो कुळं मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. १९३९ मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातल्यावर संप मिटला आणि त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. सभेपासून मोजली तर सोळा वर्षं.

याच्या शेजारी दुसरं एक बंड ठेवून पाहण्यासारखं आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारलं. त्याआधी तक्रारी करून झाल्या होत्या, अपमान गिळून झाला होता. चार दिवसांत उठाव कराचीपर्यंत पसरला, कितीतरी जहाजांवरून इंग्रजी निशाण उतरलं, मुंबईतले कामगार रस्त्यावर आले. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली, कारण मोठ्या पक्षांनी साथ दिली नाही आणि वल्लभभाई पटेलांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. साम्राज्य हादरलं, हे खरंच. पण ज्यांनी ते हादरवलं त्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं गेलं नाही. चरीला पंचवीस गावांची पाठ होती, खलाशांना बंडाच्या दुसऱ्या दिवशी सांभाळणारं कुणी नव्हतं. धैर्यात मला दोघांत फरक दिसत नाही.

'नाही'च्या पोटातलं 'हो'

फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांनी १९५१ मध्ये बंडावर जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट इथं फार उपयोगी पडते. गुलाम जेव्हा 'नाही' म्हणतो, तेव्हा तो त्याच क्षणी कशाला तरी 'हो' म्हणत असतो. माझ्यात अशी एक गोष्ट आहे जिला कुणाचा हात लागता कामा नये, हे त्याला उमगलेलं असतं. आणि ती गोष्ट फक्त माझी नाही, प्रत्येक माणसाची आहे, हेही त्यासोबत येतं. म्हणून बंड हे मुळात एकट्याचं राहत नाही.

महाडला २० मार्च १९२७ रोजी हेच घडलं, कामूंच्या बऱ्याच आधी आणि त्यांच्या कुठल्याही वाक्याहून जास्त स्पष्ट. त्या दिवसामागचा एक तपशील अनेकदा सुटून जातो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलनं १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं होतं. म्हणजे आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक रांगेनं तळ्यावर गेले, खाली वाकले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी एकही कायदा मोडला नाही. कायदा त्यांच्या बाजूनं होता, आणि तरी ती ओंजळ बंडाची ठरली. कारण गाव चालत होतं ते कायद्यावर नव्हे, रिवाजावर.

गावानं ते बरोबर ओळखलं. परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. मग १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये आंबेडकरांनी पुन्हा परिषद भरवली, तेव्हा त्यांनी सांगितलं की या तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मरणार नव्हतो, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला आम्ही तिथं जातो आहोत. 'नाही'च्या पोटातलं 'हो' ते हेच. याच भाषणात त्यांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. खाडीकाठच्या एका बाजारगावातला मांडव आणि व्हर्साय. त्या काळी कुणाला ही तुलना भलतीच वाटली असेल, आज मला ती अगदी मापाची वाटते.

आणखी एक गोष्ट त्या डिसेंबरची. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. हजारो माणसं तळ्यावर जायला, तुरुंगात जायला तयार होऊन बसलेली. आंबेडकरांनी तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित करायला लावला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. तळ्याचा दावा मात्र कोर्टातच लढला गेला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. बंड करणाऱ्याला थांबताही यावं लागतं, हे त्या दहा वर्षांत दिसतं. राग एका रात्रीत संपतो, दावा दहा वर्षं चालवायला दुसरं काहीतरी लागतं.

एकट्याला का जमत नाही

ते दुसरं काहीतरी म्हणजे काय, याचा शोध मानसशास्त्रानं घेतला आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सॉलोमन ॲश यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. कागदावर रेघा दाखवायच्या आणि कुठल्या दोन सारख्या लांबीच्या ते विचारायचं. लहान मुलालाही चुकणार नाही इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते एकमुखानं चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या उमेदवारांच्या उत्तरांपैकी सुमारे एक-तृतीयांश उत्तरं तशीच चुकीची निघाली. डोळ्यांना दिसत होतं ते तोंडातून निघालं नाही. मग ॲश यांनी त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा एकच जण बसवला आणि चुकांचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आलं. एका माणसानं एवढा फरक पडला.

दहाएक वर्षांनी स्टॅन्ले मिलग्रॅम यांचा प्रयोग त्याहून भयंकर. शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. याच प्रयोगाच्या दुसऱ्या मांडणीत सोबत बसलेल्या दोघांनी मध्येच उठून 'आम्ही पुढे करणार नाही' म्हटलं. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे चाळीसपैकी फक्त चार उरले.

ही माणसं दुष्ट होती म्हणून झटके देत नव्हती. नकार देता येतो हेच त्यांना सुचत नव्हतं, कुणीतरी तो देऊन दाखवेपर्यंत. वाळीत टाकण्याची प्रथा इतकी क्रूर का, ते इथं कळतं. तिचा नेम ज्याला वाळीत टाकलं त्याच्यावर असतोच, पण त्याहून जास्त त्याच्या शेजाऱ्यावर असतो. दुसरा कुणी उठू नये यासाठी ती आहे.

तरीही एकटी उठणारी माणसं असतात. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या मंडळींनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावात घरची माणसं राहतात त्याच गावात पाहुणा म्हणूनही उतरता न येणं काय असतं, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांचा मुलगा रघुनाथ आणखी पुढे गेला. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, अश्लीलतेचे खटले, दंड, गेलेली प्राध्यापकी, आणि तरी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालूच. एका खटल्यात त्यांचे वकील होते आंबेडकर. म्हणजे तिथंही एक सोबती होताच.

मनातल्या बंडाबद्दल बोलताना आणखी एक गल्लत टाळायला हवी. कुणी मनाई केली म्हणूनच एखादी गोष्ट करावीशी वाटणं, यावर जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये सिद्धांत मांडला. आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस हटकून तेच करतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरात हे रोज घडतं. यात गैर काही नाही, पण अशा हट्टाची दोरी अजून मनाई करणाऱ्याच्याच हातात असते. मनाई उठली की इच्छाही उडून जाते. चरीच्या कुळांना खोतानं कसायला मनाई केलेली नव्हती, उलट त्यानं कसायचा आग्रह धरला होता. त्यांना काय हवं हे त्यांना खोताशिवायही माहीत होतं.

मुलांच्याच संदर्भात डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालमनोविश्लेषकाचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. चोरी करणारं, तोडफोड करणारं मूल आशा सुटलेलं नसतं, असं त्यानं १९५६ मध्ये लिहिलं. जे आपल्याला मिळायला हवं होतं ते अजून मिळू शकतं, असं वाटतं म्हणून ते दंगा करतं. ज्याची आशा सुटली ते मूल शांत असतं. घरात, वर्गात, गावात शांतता दिसली की ती कोणती आहे, हे यावरून विचारावंसं वाटतं.

कलेतलं बंड

कलेत हे सगळं थोडं अवघड होतं, कारण तिथं खोत दिसत नाही. तिथला खोत लिहिणाऱ्याच्या हातातच बसलेला असतो: कविता कशावर करायची, कशी करायची, कोणता शब्द कवितेत शोभतो.

रत्नागिरीजवळच्या मालगुंडला १८६६ मध्ये जन्मलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, शाळामास्तर होते. त्यांच्या आधीची बरीचशी मराठी कविता पुराणातल्या आख्यानांची, पांडित्याची, भाषांतरांची. त्यांनी उपाशी मजुरावर कविता केली, अंत्यजाच्या मुलाच्या प्रश्नावर कविता केली, आणि कवीचं स्वतःचं मन हाच कवितेचा विषय होऊ शकतो हे दाखवलं. चौदा ओळींचं सुनीत मराठीत रुजवलं. १८९३ मधली 'तुतारी' सगळ्यांना ठाऊक असते, कारण तिच्यात ललकारी आहे. पण माझ्या मते त्यांचं खरं बंड ललकारीत कमी आणि विषय निवडण्यात जास्त आहे. उपाशी मजूर कवितेत येणं ही ओंजळीनं पाणी पिण्यासारखीच कृती आहे. शिवाय जुनी वृत्तं त्यांनी फेकून दिली नाहीत, कितीतरी कविता त्यांनी त्याच वृत्तांत लिहिल्या. कुळानं खोताविरुद्ध उभं राहताना नांगर मोडायचा नसतो.

चित्रकलेत १९४७ मध्ये मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझा गोव्याचे, बाकरे परदेशात वर्षं काढून अखेर मुरुड-हर्णैला येऊन राहिले. त्यांचं बंड दोन आघाड्यांवर होतं. एकीकडे इंग्रजी आर्ट स्कूलची हुबेहूब चित्रणाची शिस्त, दुसरीकडे भारतीय म्हणजे फक्त प्राचीन असं मानणारं पुनरुज्जीवन. साहेबाला नकार देताना आजोबांच्या आश्रयाला जायचं नाही, हे ठरवणं सोपं नसतं.

कलेतल्या बंडाचा दुसरा दिवस उशिरा उजाडतो. एखाद्या कवितेनं कुणाचं काही अडत नाही. पण पुढच्या पिढीतला कुणी मुलगा आपल्या वस्तीवर लिहायला बसतो आणि 'हा कवितेचा विषय आहे का' ही शंका त्याला शिवत नाही, तेव्हा ते बंड फळलं असं समजायचं.

जिंकल्यावर

फ्रॉईडनं १९१३ मध्ये एक कल्पित कथा मांडली होती: टोळीतल्या मुलांनी मिळून हुकूमशहा बापाला मारलं आणि मग अपराधी वाटून त्याचेच नियम स्वतःवर लादून घेतले. इतिहास म्हणून ती कुणी स्वीकारत नाही, मानववंशशास्त्रज्ञांनी ती केव्हाच बाजूला ठेवली. पण बंड यशस्वी झाल्यानंतर काय होतं, हे पाहताना ती आठवते. ज्याला हटवलं त्याची सवय हटवणाऱ्याच्या अंगात राहून जाते.

रायगडात खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक ठरली. हा कोकणातला फार मोठा बदल आहे आणि तो चरीच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन मिळवलेला आहे. पण कुळ म्हणून ज्याचं नाव कागदावर होतं, त्यालाच जमीन मिळाली. त्याच शेतांत लावणीला, झोडणीला राबणाऱ्या कातकरी आदिवासींपैकी बहुतेकांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. खोताच्या खळ्यावर ते मजूर होते आणि नव्या मालकाच्या खळ्यावरही मजूरच राहिले.

डोंगरातल्या दळी जमिनी कातकरी इंग्रजांच्या काळापासून नाचणी-वरीसाठी कसत आले, पण मालकी जंगल खात्याची राहिली. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासींना दावा करायचा अधिकार दिला आणि कागद नसेल तर वाडीतल्या वृद्धांची लेखी जबानीही पुरावा म्हणून चालते. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा असतो. ज्या वाड्यांमध्ये लोक यासाठी एकत्र बसले तिथं दावे उभे राहिले. जिथून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्टीवर निघून गेली, तिथं ग्रामसभेला बसायला माणसं उरत नाहीत आणि दावा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच पडून राहतो.